रात्री पूर्ण तयार होऊन गाडी चालवत होतो आणि नाकाबंदीत अडकलो. माझं काय चुकलं?

मध्यरात्रीची_मीरा

आधी माझ्याबद्दल थोडं. वय ४४, लग्नाला सतरा वर्षं झाली, पेशाने ऑडिटर. गेली सहा वर्षं महिन्या-दोन महिन्यांतून एकदा रात्री पूर्ण तयार होतो, म्हणजे ड्रेस, विग, मेकअप, सगळं बाईसारखं, आणि गाडी काढतो. कुठे उतरत नाही, कुणाला भेटत नाही. तास-दीड तास फिरतो, गाणी ऐकतो आणि परत येतो. बायकोला माहीत आहे. तिला आवडतं अशातला भाग नाही, पण निघताना "मोबाइल चार्ज आहे ना?" एवढं विचारते. मुलीला माहीत नाही.

गेल्या शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास वळण घेतलं आणि समोर बॅरिकेड. मागे फिरायला जागा नव्हती. पहिला विचार आला की विग काढून टाकावा. हात वर गेलासुद्धा. मग डोक्यात आलं की विगखाली जाळीची टोपी आहे, डोळ्यांत आयलायनर आहे, ओठ मरून आहेत. विग काढून मी पुरुष दिसणार नव्हतो, अर्धवट पुसलेलं काहीतरी दिसणार होतो. हात खाली घेतला.

माझ्या पुढच्या दोन गाड्या तशाच सोडल्या. माझीच अडवली. टॉर्च आधी बोनेटवर फिरली, मग काचेवर.

"मॅडम, काच खाली घ्या."

खोटं कशाला बोलू, त्या 'मॅडम'ने क्षणभर बरं वाटलं.

"कुठून आलात?"

"अशीच फिरून आले."

आवाज माझाच, जाडा. तयार असताना मी मनातल्या मनात 'आले, गेले, बसले' असंच बोलतो, ते तोंडातून निघून गेलं. टॉर्च थेट चेहऱ्यावर आली. मी घाईघाईने दुरुस्ती केली, "आलो."

"नक्की काय? आले की आलो?"

यावर काय उत्तर देणार? लायसन्स मागितलं. ते पर्सच्या तळाशी. कॉम्पॅक्ट, टिश्यू, लिपस्टिक, सेफ्टी पिना, सगळं मांडीवर ओतलं तेव्हा सापडलं. त्यावरचा फोटो अकरा वर्षांपूर्वीचा, भरघोस मिशीचा. तो एकदा फोटोकडे बघतो, एकदा माझ्याकडे.

"हा कोण?"

"मीच."

"मिशी?"

"काढली."

आता हसू येतं. तेव्हा गुडघे थरथरत होते. "साहेब, खाली उतरा." सँडल पायातून काढून सीटखाली टाकलेले, त्यामुळे अनवाणीच उतरलो, तळव्यांना खडी टोचत होती. श्वासाची तपासणी झाली. यंत्राच्या पांढऱ्या नळीवर माझे मरून ओठ उमटले. यंत्रावर शून्य आलं, पण शून्य कुणी बघितलंच नाही. त्याने ती नळी काढली, दोन बोटांत धरली आणि पलीकडच्या जोडीदाराला दाखवली. तो हसत आला. "ए, इकडे बघ" म्हणाला आणि मोबाइल वर केला. मी पंजा चेहऱ्यासमोर धरला. फोटो निघाला की नाही ते मला आजही माहीत नाही. तेवढ्यात एक वयस्कर अधिकारी आले, गाडीची कागदपत्रं बघितली आणि म्हणाले, "सोडा त्याला."

मॅडम, साहेब, ए. एवढा प्रवास दहा मिनिटांत झाला.

घरी आल्यापासून डोक्यात एकच चक्र फिरतंय. मी गुन्हा केला होता का? फोटो काढायचा त्यांना अधिकार होता का? ओळख पटवताना नक्की काय बोलायला हवं होतं? आणि इतक्या गाड्यांमधून मीच कसा दिसलो? लांबून इतकं कळतं का?

जुनी_ड्रायव्हर

मीरा, विग काढला नाहीस ते फार बरं केलंस. मी काढला होता, २००९ मध्ये. घाईत काढून मांडीवर ठेवला. पोलीस टॉर्च खाली करून म्हणाला, "पिल्लू चावत नाही ना?" त्याला कुत्र्याचं पिल्लू वाटलं. पुढचं सगळं समजावून सांगायला मला जितका वेळ लागला, त्यापेक्षा विग डोक्यावर असता तर बरंच सोपं गेलं असतं.

वीस वर्षं चालवतेय, चार वेळा अडवलंय. (मी इथे 'चालवते'च लिहिते, तुझं तू ठरव.) चार अनुभवांतून शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे नाटक, तालीम, फॅन्सी ड्रेस यांतलं काहीही सांगायचं नाही. दुसऱ्या वेळी मी "नाटकाच्या तालमीहून येतेय" अशी थाप मारली. तो गृहस्थ नाटकवेडा निघाला! कुठलं नाटक, कोण बसवतंय, तुमची भूमिका कुठली? तिसऱ्या प्रश्नाला माझं तोंड बंद. तोवर साधी तपासणी होती, त्यानंतर त्याला खरंच संशय आला. कपड्यांचा नव्हे, खोटं बोलण्याचा.

आता मी काय करते ते सांगते. निघण्याआधी लायसन्स आणि गाडीचे कागद पर्समधून काढून डॅशबोर्डवरच्या खणात, हाताशी. थांबवलं की इंजिन बंद, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. खणात हात घालण्याआधी "लायसन्स काढते" असं सांगायचं. आणि ते त्याच्या हातात देतानाच, त्याने विचारायच्या आत, स्वतःच्या रोजच्या आवाजात: "फोटो माझाच आहे. मी क्रॉसड्रेसर आहे. नाव-पत्ता सगळं त्यावर आहे तेच." बस्स. त्याला शोध लावायचा आनंद मिळू द्यायचा नाही. चौथ्या वेळी हे म्हटल्यावर तो पोलीस इतका गोरामोरा झाला, की मलाच त्याची कीव आली.

आणि 'आले की आलो' हे आपल्या भाषेचं दुखणंच आहे. 'तुम्ही आलात' यात बाई-पुरुष काही कळत नाही, पण 'मी' म्हटलं की क्रियापद चहाडी करतं. मी क्रियापदच गाळते. "कुठून?" "बाहेरून." "कुठे निघालात?" "घरी." पोलिसांना तसंही लांबलचक उत्तर नकोच असतं.

सँडलबद्दल. टाचा घालून चालवू नकोस आणि अनवाणीही नको. पातळ सपाट तळव्याचे बूट ठेव. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये नियम ९७ आहे: कपड्यांमुळे किंवा पादत्राणांमुळे गाडीवरचा ताबा अडखळता कामा नये. तो कायदा तुला लागू असो नसो, ब्रेकला तो लागू आहेच. आणि काढलेले सँडल सीटखाली टाकू नकोस, घरंगळत पेडलखाली येतात. मागे ठेव. लांब विग असेल तर तो हेडरेस्टला घासून पुढे सरकतो, म्हणून मानेशी सैल बांधून घे.

नवखा_तेवीस

मी वाचलंय की आत आपल्या मूळ लिंगाचे तीन कपडे असले की पोलीस काही करू शकत नाहीत. मी ड्रेसखाली नेहमी बनियन, बॉक्सर आणि जाड मोजे घालतो. उकडतं, पण सुरक्षित वाटतं. हे बरोबर आहे ना?

काळा_कोट

नवखा, आधी ते मोजे काढ.

तीन कपड्यांचा नियम अमेरिकेतला. १९५०-६० च्या दशकांत तिथे बारवर धाडी पडायच्या, तेव्हा पोलीसही तो सांगायचे आणि पकडले जाणारेही सांगायचे. पण असा लेखी कायदा इतिहासकारांना सापडलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी जे कलम लावलं जायचं ते १८४५ चं, आणि ते आलं कुठून तर शेतीतून! तिथली कुळं जमीनदारांविरुद्ध उठली होती, मुखवटे लावून आणि बायकांसारखे झगे घालून खंडवसुलीला आलेल्या अधिकाऱ्यांवर चाल करून जायची. त्यांना आवरायला चेहरा रंगवून, वेश बदलून फिरण्यावर बंदी आली. शंभरावर वर्षांनी तीच बंदी लिपस्टिक लावलेल्या पुरुषांच्या माथी मारली गेली.

कपड्यांविरुद्ध खरेखुरे कायदेही होते. ओहायोतल्या कोलंबस शहराने १८४८ मध्ये दुसऱ्या लिंगाचा पोशाख घालून फिरणं गुन्हा ठरवलं, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं १९७५ मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोचा नियम १८६३ चा, तो १९७४ पर्यंत पुस्तकात होता. लंडनमध्ये १८७० साली बोल्टन आणि पार्क या दोन तरुणांना बायकांच्या कपड्यांत नाट्यगृहाबाहेर पकडलं. खटला गाजला, पण १८७१ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. गयानातलं १८९३ चं वसाहतकालीन कलम तर अगदी परवापरवापर्यंत वापरलं जात होतं. २००९ मध्ये त्याखाली अटका झाल्या, ती माणसं कोर्टात लढत राहिली, आणि २०१८ मध्ये कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिसने ते घटनाबाह्य ठरवलं. कलमात म्हटलं होतं की 'अनुचित हेतूने' असा वेश करणं गुन्हा. अनुचित म्हणजे काय, हे कुणालाच धड सांगता येईना. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार) म्हटलं आहे की पोशाखातून लिंगभाव व्यक्त करणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे.

सगळीकडे असं नाही. मलेशियातल्या नेगेरी सेंबिलान राज्यातलं असंच एक धार्मिक कलम अपील कोर्टाने २०१४ मध्ये रद्द केलं, आणि २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने प्रक्रियेच्या मुद्द्यावर तो निकाल फिरवला. त्यामुळे परदेशात भाड्याची गाडी घेऊन तयार होऊन निघायचं असेल तर आधी तिथला कायदा बघा.

आता मीरा, तुमचं. जिथे कपड्यांविरुद्ध कायदा नाही तिथे ड्रेस घालून गाडी चालवणं गुन्हा नाही. तुम्ही खरं लायसन्स दिलंत, खरं नाव सांगितलंत, फुंकर मारलीत. तुमच्याकडून होण्यासारखं सगळं तुम्ही केलंत. अशा वेळी लोक एक मोठी चूक करतात, ती म्हणजे घाबरून ठेवणीतलं नाव सांगतात. पोलिसाला खोटं नाव सांगणं बहुतेक ठिकाणी स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे काहीच नव्हतं तिथे तुम्ही स्वतः काहीतरी तयार करून देता. मीरा हे नाव त्या दहा मिनिटांपुरतं गाडीच्या डिकीत ठेवायचं.

फोटोचं: तपासाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोची कुठेतरी नोंद होते. खिशातला मोबाइल काढून "ए, इकडे बघ" म्हणणं हा तपास नव्हे. तिथे भांडू नका, रात्री रस्त्यावर कायदा शिकवायला जाऊ नये. "आपलं नाव कळेल का?" एवढं शांतपणे विचारा. घरी पोचल्यावर त्याच रात्री वेळ, जागा, पोलीस गाडीचा नंबर, कोण काय बोललं ते लिहून काढा. आठवड्याने लिहिलेलं आणि त्या रात्री लिहिलेलं, यांत तक्रारीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुम्ही ऑडिटर आहात, तुम्हाला हे मी काय सांगणार.

अनुजा_चालक

सगळं वाचलं. एक सांगते, राग मानू नका. मीरा, तुमच्या हातात विग काढायचा पर्याय तरी होता. मी ट्रान्स बाई आहे, ही माझी रोजची गाडी आणि रोजचा चेहरा. तीन वर्षं माझ्या लायसन्सवर जुनं नाव होतं. भरदुपारी, बाजारातून परतताना, मागे भाजीच्या पिशव्या, आणि तेच: "हा कोण?" लायसन्स बदलून आल्यावर पहिल्यांदा अडवलं तेव्हा पोलिसाने कार्ड बघून परत दिलं आणि "जा ताई" म्हणाला. मी पुढच्या वळणावर गाडी बाजूला घेतली, कारण समोरचं दिसेना.

म्हणून म्हणते, तो मिशीचा फोटो आधी बदला. नाव बदलायचं नसेल तर राहू द्या, पण निदान आजचा चेहरा तरी कार्डावर असू दे. मिशी असलेल्या फोटोशी जुळणं तुम्हाला शर्ट-पँटमध्येही अवघड जाईल.

शिट्टी

एकतीस वर्षं वाहतूक शाखेत काढली, आता निवृत्त. पुतण्याने हा धागा वाचायला पाठवला. का पाठवला ते त्याला विचारलं नाही.

मीराताई (तुम्ही इथे याच नावाने आहात म्हणून तसंच म्हणतो), तुमचा शेवटचा प्रश्न कुणी घेतलाच नाही. इतक्या गाड्यांमधून तुमचीच का? अहो, रात्री समोरून येणाऱ्या गाडीत माणूस दिसतच नाही. हेडलाइटच्या मागे फक्त काळी काच असते. बाई की पुरुष, दाढी की लिपस्टिक, काच खाली येईपर्यंत आम्हाला पत्ता नसतो. आणि तुम्हीच लिहिलंय की टॉर्च आधी बोनेटवर फिरली. आम्ही चेहरा बघायला टॉर्च मारतो तेव्हा बोनेटवर मारत नाही. तुमच्या गाडीचा पुढचा एखादा दिवा बंद आहे का, तो बघा.

पुढचं मात्र मन मोकळं करून सांगतो. लायसन्सवरचा चेहरा आणि समोरचा चेहरा जुळत नसेल तर विचारावंच लागतं. गाडी चोरीची असू शकते, लायसन्स दुसऱ्याचं असू शकतं. ते विचारणं दोन मिनिटांचं. नाव, जन्मतारीख, पत्ता तोंडी विचारायचा, गाडीच्या कागदांशी ताडून बघायचा, संपलं. तुमच्या बाबतीत यंत्रावर शून्य आल्यावर विषय संपायला हवा होता. त्यानंतरची मिनिटं तपासणीची नव्हती, करमणुकीची होती. 'मॅडम'वरून 'ए'वर उतरणं मी पुष्कळ पाहिलंय. त्या वयस्कर अधिकाऱ्याने "सोडा त्याला" म्हटलं, बरं केलं, पण पोरांना तिथेच झापायला हवं होतं. मीही एकदा असाच बाजूला उभा राहून हसलो होतो. तो माणूस गाडीत परत बसताना त्याचा ड्रेस दारात अडकला आणि आमच्यातल्या कुणी दार उघडून दिलं नाही. वीस वर्षं होऊन गेली, ते दार अजून आठवतं.

दोन कामाच्या गोष्टी. नाकाबंदी दिसल्यावर कधीही गर्रकन वळू नका. जी गाडी वळते तिच्यामागे आम्ही मोटरसायकल पाठवतो, मग आत कुणीही असो. आणि तोंडाला वास येऊ नये म्हणून मारायचे जे स्प्रे असतात त्यांत बऱ्याचदा अल्कोहोल असतं. मारल्या मारल्या फुंकर मारली तर यंत्र उगाच बोंबलतं. पंधरा मिनिटांत तो परिणाम जातो, तेवढं थांबून पुन्हा तपासा असं म्हणायचं. नळी मात्र दरवेळी नवी मागा, कोऱ्या पाकिटातली. ओठ रंगवलेले असोत नसोत.

मध्यरात्रीची_मीरा

सगळ्यांचे आभार. आत्ताच खाली जाऊन आलो.

गाडी पार्किंगच्या भिंतीसमोर उभी केली आणि दिवे लावले. भिंतीवर दोनाऐवजी एकच गोळा. डावा हेडलाइट गेलाय. गेला आठवडाभर मी स्वतःला कोसतोय, की मेकअप जास्त झाला असेल, खांदे रुंद दिसले असतील, मान वळवण्याची ढब पुरुषी असेल. आणि हा बल्ब! पेशा माझा दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा.

म्हणजे अडवलं दिव्यासाठी. दहा मिनिटं ठेवलं ते मात्र ड्रेससाठी, हे शिट्टीकाका स्वतःच म्हणतात, ते बरं वाटलं. काळा_कोट, त्या रात्री लिहून काढलं नव्हतं, काल रात्री काढलं, आठवतं तेवढं. दीड पान झालं. तक्रार करेन की नाही ते अजून ठरत नाही, कारण केली की माझं नाव कागदावर येतं आणि तो कागद कुणाच्या टेबलावरून फिरेल ते माझ्या हातात नाही. कागद टेबलावरून टेबलावर कसे फिरतात हे मला नको तितकं माहीत आहे.

अनुजाताई, राग कसला. बाजारातल्या पिशव्यांचं वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. लायसन्सच्या नव्या फोटोसाठी अर्ज भरतोय. मिशीशिवाय.

आणि जुनी_ड्रायव्हर, तू सांगितलेलं वाक्य आरशासमोर म्हणून बघितलं. "फोटो माझाच आहे" इथपर्यंत आवाज नीट येतो. पुढच्या वाक्याला अजून खाकरावं लागतं.

बायकोला दिव्याचं सांगितलं तर ती म्हणाली, "मी तुला दोन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं."

शिट्टी

बल्ब दोन्ही बाजूंचे बदला. एक गेला की दुसराही फार दिवस काढत नाही.